बांधाचं भांडण आणि कोचची खुर्ची

३० नोव्हेंबर २०२४, शनिवारची दुपार. कोलंबसमध्ये ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीची अमेरिकन फुटबॉलची टीम मिशिगनकडून १३-१० अशी हरली. घरच्या मैदानावर, लाखाच्या वर लोकांसमोर, आणि सट्टेवाल्यांनी आम्हाला वीसेक पॉइंटांनी जड धरलेलं असताना. मॅच संपल्यावर मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायला घेतला, आमची पोरं धावून गेली, गुद्दागुद्दी झाली, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. पुढे दोन्ही युनिव्हर्सिट्यांना प्रत्येकी १ लाख डॉलर दंड बसला.

त्या रात्री सांगलीहून दादाचा फोन आला. तिकडे रविवार उजाडला होता. माझा आवाज ऐकून त्याला वाटलं नोकरी गेली. खरं कारण सांगितल्यावर म्हणाला, "कॉलेजच्या पोरांच्या मॅचपायी तू जेवला नाहीस?" मी म्हटलं, इथे कोणीच धड जेवलेलं नाही, कोचला हाकला म्हणून गावभर ओरडा चाललाय. "मग कोच वाईट आहे का?" नाही रे. आमच्या कोचच्या, रायन डेच्या, खात्यावर तोवर ६६ विजय आणि १० पराभव होते. दादा जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग येडे तुम्ही आहात."

५१ दिवसांनी त्याच कोचने त्याच टीमला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. दादाचं मत अर्थातच आणखी पक्कं झालं. आम्ही येडे असू, पण त्या येडेपणाला हिशेब आहे. तोच इथे मांडतो.

आधी अगदी थोडक्यात खेळ. हा फुटबॉल पायाचा नाही. लांबुळका चेंडू हातात धरून पळायचा किंवा फेकायचा, समोरच्यांनी आडवं पाडायचं. व्यावसायिक टीम रविवारी खेळतात, कॉलेजं शनिवारी. सप्टेंबर ते नोव्हेंबर प्रत्येक टीमच्या साधारण १२ मॅच. अमेरिकेत बरीच शहरं अशी आहेत की जिथे बड्या लीगची व्यावसायिक फुटबॉल टीमच नाही, युनिव्हर्सिटी मात्र अवाढव्य. कोलंबस त्यातलंच. ओहायो स्टेटच्या स्टेडियममध्ये १,०२,७८० माणसं बसतात, मिशिगनच्या १,०७,६०१. म्हणजे एकेका मैदानात तीन-तीन वानखेडे मावतील. तिथे बसणाऱ्यांत निम्म्यांनी तरी त्या कॉलेजचं तोंड पाहिलेलं नसेल, पण बापाने आणलं म्हणून ते येतात आणि पोरांना आणतात. मी स्वतः इथे एमएस करायला आलो तेव्हा 'मला काय त्याचं' याच गटात होतो. दोन सीझन टिकलो.

आता मुद्दा. कॉलेजांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. दादाला कॉन्फरन्स शब्द कळेना, म्हणून मी म्हटलं, भावकी समज. त्यावर त्याला पुढचं फारसं सांगावंच लागलं नाही. ओहायो स्टेट आणि मिशिगन ज्या भावकीत आहेत तिचं नाव बिग टेन. १८९६ साली सात युनिव्हर्सिट्यांनी ती सुरू केली, सगळ्या मिडवेस्टातल्या, एकमेकींपासून रेल्वेने जाण्याच्या अंतरावर. १२ पैकी ९ मॅच भावकीतच होतात, भावकीचा वेगळा विजेता ठरतो, आणि टीव्हीच्या हक्कांचा पैसाही भावकीच्या डब्यात पडून वाटला जातो. त्यामुळे नातं मोठं चमत्कारिक. वर्षभर एकमेकांच्या उरावर बसायचं, आणि बाहेरच्या कॉन्फरन्सशी गाठ पडली की हाच चुलता आपला. दक्षिणेकडच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे लोक तर आपल्या कट्टर वैऱ्याने बाहेरच्याला हरवलं तरी 'एसईसी, एसईसी' म्हणून घोषणा देतात. आपली भावकी दांडगी ठरली की तिच्यातल्या पराभवांनाही वजन येतं: विजेतेपदाच्या फेरीत कोणाला घ्यायचं हे ठरवणारी १३ जणांची समिती बघते, हरलात ते कोणाशी.

पण भावकीत सगळे सारखे नसतात. ज्याच्या बांधाला आपला बांध लागतो तो वेगळा.

आमच्या बाबतीत हे अक्षरशः खरं आहे. १८३५ साली ओहायो राज्य आणि मिशिगन प्रांत यांच्यात टोलेडो गावाजवळच्या एका पट्ट्यावरून हद्दीचं भांडण पेटलं. दोन्ही बाजूंनी हत्यारबंद माणसं जमवली. इतिहासात त्याला टोलेडोचं युद्ध म्हणतात, पण मेलं कोणी नाही. मिशिगनच्या एका पोलीस अधिकाऱ्याला चाकू लागला, एवढंच रक्त. (चाकू मारणाऱ्याचं नाव टू स्टिकनी. थोरल्या भावाचं वन स्टिकनी. बापाने पोरांना नंबर घातले होते, मी रचून सांगत नाही.) अखेर पट्टा ओहायोला मिळाला आणि बदल्यात मिशिगनला उत्तरेकडचं मोठं द्वीपकल्प मिळून १८३७मध्ये राज्याचा दर्जा मिळाला. ती जमीन तेव्हा कोणाला नको होती, पुढे तिथे तांबं आणि लोखंड निघालं. भांडण मिटलं म्हणतात. १८९७मध्ये दोन्हीकडची कॉलेजं पहिल्यांदा फुटबॉल खेळली, आणि १९१८पासून दरवर्षी खेळतात. खंड फक्त कोविडच्या २०२० साली पडला. मॅचला वेगळं नावसुद्धा नाही. नुसतं 'द गेम'.

ओहायोत कडवे लोक मिशिगनचं नाव घेत नाहीत, 'ती वरच्या अंगाची टीम' म्हणतात. त्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांमधल्या प्रत्येक इंग्रजी 'एम'वर लाल फुली मारलेली दिसते. १९३४पासूनची रीत अशी की मिशिगनला हरवलं की प्रत्येक खेळाडूला सोन्याची इवलीशी पँट मिळते, पदकासारखी. त्या साली नवा कोच आला होता, फ्रान्सिस श्मिट. तो म्हणाला होता की मिशिगनवालेही आपल्यासारखेच एकेक पाय घालून पँट चढवतात. त्यावरून ती पँट. आमच्या ओळखीच्या एका घरात अ‍ॅन आर्बरला, म्हणजे मिशिगन युनिव्हर्सिटीच्या गावी, शिकणारा भाचा थँक्सगिव्हिंगला जेवायला येतो, तेव्हा मावशी दारातच त्याचा निळा स्वेटशर्ट काढून घेते आणि जाताना परत देते. हे सगळं प्रेमाने चालतं, बहुतेक.

तर कोचचं माप कशाने काढायचं? बाहेरचा माणूस एकूण विजय मोजतो. आतला माणूस मोजतो बांधावर काय केलंस. जॉन कूपर १९८८ ते २००० अशी १३ वर्षं ओहायो स्टेटचा कोच होता. १११ विजय, ४३ पराभव, ४ बरोबरी. कुठेही पोत्याने कौतुक झालं असतं. पण मिशिगनविरुद्ध १३ मॅचमध्ये २ विजय, १० पराभव, १ बरोबरी. २००१च्या जानेवारीत त्याला घरी पाठवलं. त्याच्या जागी जिम ट्रेसेल आला. तो एका बास्केटबॉल मॅचच्या मध्यंतरात माइक घेऊन उभा राहिला आणि म्हणाला की ३१० दिवसांनी अ‍ॅन आर्बरमध्ये तुम्हाला आमच्या पोरांचा अभिमान वाटेल. विजेतेपदाचा शब्द नाही, सीझनचा शब्द नाही. दिवस मोजले ते शेजाऱ्याच्या अंगणापर्यंतचे. ती मॅच तो २६-२०ने जिंकला. आजही इथे लोक ३१०चा आकडा विसरलेले नाहीत.

पलीकडेही तेच. १९६९मध्ये मिशिगनने बो शेमबेकलरला आणलं. तो ओहायो स्टेटचा कोच वुडी हेज याच्या हाताखाली खेळलेला, त्याचाच मदतनीस राहिलेला. म्हणजे घरचाच माणूस बांधापलीकडे गेला. त्या पहिल्याच वर्षी त्याने गुरूच्या अपराजित, पहिल्या क्रमांकाच्या टीमला २४-१२ने पाडलं. त्या वर्षापासून दहा वर्षं या दोघांनी असं वैर केलं की त्या काळाला 'दहा वर्षांचं युद्ध' म्हणतात. हिशेब मिशिगनचे ५, ओहायो स्टेटचे ४, एक बरोबरी. वुडी मिशिगनच्या हद्दीत गाडीत पेट्रोल भरत नसे अशी गोष्ट सांगतात. खरी असो नसो, आम्ही ती सांगतोच. शेवट मात्र वाईट झाला: १९७८च्या डिसेंबरात एका मॅचमध्ये त्याने समोरच्या टीमच्या खेळाडूला ठोसा मारला आणि २८ वर्षांची कारकीर्द एका रात्रीत संपली.

शेमबेकलरच्या हाताखाली खेळलेला जिम हार्बॉ २०१४च्या अखेरीस मिशिगनचा कोच झाला आणि ओहायो स्टेटशी पहिल्या पाचही मॅच हरला. २०२१च्या सुरुवातीला त्याचा पगार निम्म्यावर आणून नवा करार केला. त्याच वर्षी तो आमच्याशी जिंकला, पुढच्या वर्षी जिंकला, २०२३च्या सीझनचा राष्ट्रीय विजेता झाला आणि लगेच व्यावसायिक टीमकडे निघून गेला. (त्या सीझनला समोरच्यांच्या डावाच्या खुणा चोरण्याचं प्रकरण गाजलं आणि हार्बॉला नियमित सीझनच्या शेवटच्या तीन मॅच मैदानाबाहेर बसावं लागलं. त्या विषयावर मला लिहायला लावू नका.) यातून चाहत्याने काय घ्यावं? कोचला वेळ द्यावा, हेही खरं. आणि बांधावर हरणाऱ्याचा पगार कोणी राखत नाही, हेही.

कोच काढणं मात्र फुकट नसतं. करार लांबलचक असतात आणि मध्येच काढलं तर उरलेल्या वर्षांचे पैसे द्यावे लागतात, त्याला बायआउट म्हणतात. टेक्सस ए अँड एमने २०२३च्या नोव्हेंबरात जिंबो फिशरला काढलं तेव्हा हा आकडा सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर होता. काम न करण्याचे! सरकारी युनिव्हर्सिटी हे देते कुठून, तर तिकिटं, टीव्ही आणि बूस्टर म्हणजे श्रीमंत माजी विद्यार्थी. कोचचा निकाल कागदावर क्रीडासंचालक लावतो, पण चेक फाडणाऱ्याचा फोन आधी येऊन गेलेला असतो.

पेन स्टेटचा जेम्स फ्रँकलिन बघा. आदल्या सीझनला राष्ट्रीय उपांत्य फेरी खेळलेला कोच. २०२५चा सीझन सुरू झाला तेव्हा टीम दुसऱ्या क्रमांकावर. सलग तीन पराभव झाले आणि १२ ऑक्टोबरला तो गेला. करारातली किंमत ४ कोटी ९० लाख डॉलरच्या आसपास. बातम्यांत ते तीन पराभव आले. पण पेन स्टेटच्या माणसाला विचारा, तो दुसराच आकडा सांगेल: ओहायो स्टेटविरुद्ध ११ मॅच, १ विजय. लाकूड आधीच वाळलेलं होतं, ठिणगी ऑक्टोबरात पडली.

आणि ऑक्टोबरातच का, सीझन संपेपर्यंत का नाही थांबले? कारण वेळापत्रक. बारावीच्या खेळाडूंची कॉलेजशी बांधणी डिसेंबरच्या सुरुवातीला होते. त्यापाठोपाठ ट्रान्सफर पोर्टल उघडतं: एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जायची इच्छा नोंदवण्याची व्यवस्था. पूर्वी कॉलेज बदललं तर एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०२१पासून ती अट सैल होत गेली, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे मिळवायची मुभा मिळाली. २०२५पासून तर कॉलेजं थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर. त्यातून कोच बदलला की खेळाडूंना पोर्टलचं जादा दार उघडतं. म्हणजे डिसेंबरात तुमच्याकडे कोच नसेल तर नवी पोरं येत नाहीत आणि जुनी राहत नाहीत. म्हणून सगळ्यांना आधी काढायचं, आधी शोधायचं.

एकाने हात हलवला की पत्त्यांचा बंगला कोसळतो. १० जानेवारी २०२४ला अलाबामाचा निक सेबन निवृत्त झाला. अलाबामात सहा आणि त्याआधी एलएसयूत (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत) एक अशी सात राष्ट्रीय विजेतेपदं नावावर. दोनच दिवसांत अलाबामाने वॉशिंग्टनचा केलन डीबोअर उचलला, जो त्याच आठवड्यात अंतिम सामना खेळला होता. वॉशिंग्टनने अ‍ॅरिझोनाचा जेड फिश घेतला. अ‍ॅरिझोनाने सॅन होजे स्टेटचा ब्रेंट ब्रेनन. सॅन होजे स्टेटने केन नियुमातालोलोला बोलावलं. दक्षिणेत एक म्हातारा घरी बसला आणि कॅलिफोर्नियातल्या एका कॉलेजच्या पोरांना नवे सर मिळाले.

यात सर्वांत जास्त झोंबतं ते कोच भावकीतच जाणं. ३० नोव्हेंबर २०२५. ओल मिस ही मिसिसिपीची टीम, ११ विजय, १ पराभव, प्लेऑफ म्हणजे विजेतेपदाची फेरी दारात. आणि कोच लेन किफिन एलएसयूला गेला. म्हणजे त्याच कॉन्फरन्समध्ये, शेजारच्याच राज्यात, जिच्याशी ओल मिसचं पिढ्यांचं वैर तिच्याकडे. जाताना म्हणाला प्लेऑफपुरता थांबतो. ओल मिसने नको म्हटलं. विमानतळावर लोक शिव्या द्यायला जमले. मग हाताखालच्या पीट गोल्डिंगला खुर्चीवर बसवलं, आणि त्याने टीम उपांत्य फेरीपर्यंत नेली. मी ओल मिसचा कोणी नाही, पण त्या तीन आठवड्यांत मी त्यांचा होतो.

आता मला सर्वांत खटकणारी गोष्ट. भावकी मोडतेय, आणि ती पैशाने मोडतेय. १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉलेज फुटबॉलच्या टीव्ही हक्कांवरची मध्यवर्ती संघटनेची मक्तेदारी मोडली. तेव्हापासून कॉन्फरन्स स्वतः हक्क विकू लागल्या, आणि ज्या भावकीचं शेत मोठं तिला भाव जास्त. बिग टेनचा २०२२चा करार सात वर्षांचा, ७०० कोटी डॉलरच्या वरचा. मग सदस्य गोळा करणं आलंच. आज 'बिग टेन'मध्ये १८ टीम आहेत आणि 'बिग ट्वेल्व्ह'मध्ये १६. मोजदाद शिकवणाऱ्या संस्थांची ही गत. लॉस एंजेलिसच्या दोन टीम, ओरेगन आणि वॉशिंग्टन २०२४पासून आमच्याकडे आल्या. न्यू जर्सीतल्या रटगर्सची पोरं लॉस एंजेलिसला जवळपास ४ हजार किलोमीटर जाऊन 'भावकी'ची मॅच खेळतात. पश्चिमेची जुनी पॅक-ट्वेल्व्ह कॉन्फरन्स तर एवढी रिकामी झाली की ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट या दोघीच घर सांभाळत राहिल्या.

यात बांध तुटतात. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम ही दोन सख्खी वैरी २०११नंतर तेरा वर्षं भेटलीच नाहीत, कारण एक टीम दुसऱ्या कॉन्फरन्सला गेली. पुन्हा भेटली ती ३० नोव्हेंबर २०२४ला, आम्ही हरलो त्याच दिवशी. टेक्सस १७-७ने जिंकलं. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांची दरवर्षीची मॅच २०२३मध्ये थांबली. ओरेगन आता आमच्या भावकीत आहे. चांगली टीम आहे, हरवली तर आनंद होतो. पण ओरेगनचा राग येत नाही. राग यायला ऑफिसात शेजारच्या टेबलावर त्यांचा माणूस बसावा लागतो, सोमवारी सकाळी काही न बोलता कॉफी पिणारा.

आता दादाच्या प्रश्नाकडे. ६६ विजयांच्या माणसाला का हाकलायचं? कारण आमचा राग जुन्या जगात घडलेला आहे. त्या जगात नोव्हेंबरअखेर मिशिगनशी हरलात की बहुतेक वेळा सीझन तिथेच संपे. २०२३पर्यंत प्लेऑफमध्ये फक्त चार टीम असत. २०२४मध्ये आम्ही सहाव्या क्रमांकावर होतो, म्हणजे जुन्या नियमाने बाहेर. त्याच वर्षी चारच्या बारा झाल्या. मग टेनेसी, ओरेगन, टेक्सस आणि शेवटी २० जानेवारी २०२५ला नोटर डेम ३४-२३, असे चौघे हरवून करंडक घरी आला. बांधावर नाक कापलं गेलेला माणूस जिल्ह्याचा पैलवान ठरला. करंडकाच्या रात्री दादाने विचारलं, "आता खूश?" मी हो म्हटलं. मग म्हणालो, पण ते १३-१०... त्याने फोन ठेवला.

पुढच्या वर्षी, २०२५च्या नोव्हेंबरात, डे अ‍ॅन आर्बरला जाऊन २७-९ने जिंकला. त्या वेळी मी नीट जेवलो. आठवड्याने बिग टेनच्या अंतिम सामन्यात इंडियानाने आम्हाला १३-१० हरवलं, आकडा तोच, आणि इथे पानही हललं नाही. इंडियाना! २०२५चा सीझन सुरू होताना इतिहासात सर्वांत जास्त पराभव ज्यांच्या नावावर होते, आमच्या भावकीतलं ते गरीब घर. २०२३च्या अखेरीस त्यांनी कर्ट सिग्नेटी नावाचा साठी ओलांडलेला कोच आणला. पोरांना कसं पटवता असं विचारल्यावर तो म्हणाला, मी जिंकतो, गुगल करा. जुन्या कॉलेजातली पोरं बरोबर आणली, पोर्टलमधून नेमकी माणसं वेचली आणि दुसऱ्याच सीझनला १६ पैकी १६ जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. कोच बदलल्याने काय होऊ शकतं याचं याहून मोठं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही, आणि यामुळेच आता प्रत्येक गावातला चाहता आपल्या कोचकडे जास्तच वाकड्या नजरेने बघतो. त्यांना दोन वर्षांत जमलं, तुला का नाही?

राहता राहिला बांधापलीकडचा कोच. मुरलेला चाहता आपल्या कोचइतकाच शेजाऱ्याच्या कोचचा विचार करतो, आणि त्याची एकच प्रार्थना असते: शेजाऱ्याला वाईट कोच मिळो, आणि त्याला लांबलचक करार मिळो. इतका महाग की काढता येऊ नये. २०२५च्या डिसेंबरात मिशिगनने शेरोन मूरला काढलं, तेव्हा इथे काही जण हसले. मला हसू आलं नाही. त्यांनी आणलाय काइल व्हिटिंगम, दोन दशकं युटाची टीम चालवलेला, साधी आडदांड चिवट खेळी खेळवणारा माणूस. नोव्हेंबरच्या थंडीत असलाच कोच त्रास देतो. माझ्या ऑफिसातला मिशिगनवाला हल्ली फारच शांतपणे कॉफी पितो.

२०२६ची मॅच कोलंबसला आहे, २८ नोव्हेंबरला. दादाला सांगून ठेवलंय, त्या रविवारी सकाळी लगेच फोन करू नकोस.